परदेशस्थ गृहस्थाचे मृत्युपत्र : आसक्ती की कर्तव्य?

श्रीमद्भगवद्गीता ज्या रणभूमीवर सांगितली गेली, तेथे दोन सैन्ये मुळात कशासाठी उभी होती, याचे आपणांस बहुधा विस्मरण होते. तो कलह दायविभागाचा होता. वडिलांच्या पश्चात कोणाचा वाटा किती, हा प्रश्न वेळेवर सुटला नाही, म्हणून अठरा अक्षौहिणी सैन्य कुरुक्षेत्री जमले. गीतेचा पहिला श्लोक धृतराष्ट्राच्या मुखी आहे. आणि त्या एका श्लोकातच तो स्वतःच्या मुलांना 'माझे' म्हणतो व भावाच्या मुलांना 'पांडूचे' म्हणतो. धर्म काय, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. विदुरासारखा मंत्री आणि भीष्मांसारखा वडीलधारा त्याच्याजवळ होता. परंतु जो शब्द स्पष्टपणे व वेळेवर उच्चारावयास हवा होता, तो पुत्रमोहामुळे त्याच्या ओठांबाहेर आला नाही. पुढे पाच गावांवर समाधान मानण्यास पांडव तयार झाले, तेव्हा सुईच्या अग्रावर राहील एवढीही भूमी मिळणार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. वडीलधाऱ्यांच्या मौनाचे मोल पुढच्या पिढीने आपल्या रक्ताने चुकते केले.

हा विषय आज मांडण्याचे कारण असे. भारतीय व भारतीय वंशाचे तीन कोटींहून अधिक लोक आज परदेशी राहतात. त्यांतील पुष्कळांचे एक घर तेथे व एक घर येथे आहे. एका देशात बँकेतील ठेव आहे, तर दुसऱ्या देशात आईच्या नावाचे शेत. या गृहस्थांपैकी जे सत्प्रवृत्त व गीतेचे नित्य वाचन करणारे आहेत, त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. ते म्हणतात, "ज्या देहाला आम्ही जीर्ण वस्त्र मानावे, त्या देहाच्या नावावरील घरादाराची मरणोत्तर व्यवस्था लावीत बसणे ही आसक्ती नव्हे काय? तेराव्या अध्यायात पुत्र, पत्नी, गृह यांविषयी अनभिष्वंग हे ज्ञानाचे लक्षण सांगितले आहे. मग मृत्युपत्र लिहिणे हे अज्ञानाचे लक्षण ठरत नाही काय? ईश्वर सर्वांचा योगक्षेम चालवितो. तो पाहून घेईल."

हा प्रश्न वरवरचा नाही, म्हणून त्याचे उत्तरही वरवरचे देऊन चालणार नाही.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की मृत्युपत्रात आसक्ती शिरू शकते, आणि अनेकदा शिरते. मराठीत या लेखाला दोन नावे आहेत, मृत्युपत्र व इच्छापत्र. दुसऱ्या नावात धोका अधिक स्पष्ट दिसतो. जन्मभर माझी इच्छा चालली, आता मेल्यावरही तीच चालावी, असा हट्ट त्यात लपलेला असू शकतो. 'हे घर कोणीही कधीही विकू नये', 'मुलाने अमुक ठिकाणी विवाह केल्यास त्याला काही मिळू नये', 'सुनेने माझी सेवा केली नाही, सबब तिच्या मुलांस एक रुपया', अशी वाक्ये ज्या कागदावर असतात, तो कागद शांत चित्ताने लिहिलेला नसतो. सोळाव्या अध्यायात भगवंतांनी आसुरी संपत्तीच्या मनुष्याचे जे चित्र काढले आहे, त्यातील मनुष्य आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन, याच हिशेबात गुंग आहे. मरणानंतरही आपला अंमल चालविणारा गृहस्थ त्याचाच सख्खा भाऊ होय. कायद्यानेही या हट्टाला मर्यादा घातली आहे. संपत्ती अनंतकाळ बांधून ठेवणारी तरतूद आपले न्यायालय मानीत नाही.

परंतु मृत्युपत्र लिहिण्यात दोष असू शकतो, एवढ्यावरून ते न लिहिणे निर्दोष ठरत नाही. येथे अठराव्या अध्यायाचा आधार घ्यावा लागतो. तेथे भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार केले आहेत. नियत कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग. कर्म कष्टाचे आहे, शरीराला त्रास होईल, या भीतीने ते सोडणे हा राजस त्याग. अशाला त्यागाचे फळ मिळत नाही. आणि हे माझे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, आसक्ती व फलाची अपेक्षा टाकून ते करणे, हा सात्त्विक त्याग. नीट पाहिल्यास कर्म टाकण्याला भगवंतांनी सात्त्विक म्हटलेलेच नाही. कर्म करताना संग टाकण्याला म्हटले आहे.

आता प्रत्येकाने स्वतःस प्रामाणिकपणे विचारावे की आपण मृत्युपत्र का लिहिलेले नाही. कोणी म्हणेल, इतक्यात मला काय होणार आहे? हा मोह आहे. त्याचा त्याग तामस. कोणी म्हणेल, दोन देशांचे कायदे, वकील, साक्षीदार, कागद, हा व्याप कोण करील? शिवाय वाटणीचा विषय काढला की घरात वाईटपणा येतो. हे कायक्लेशाचे व लोकापवादाचे भय आहे. त्याचा त्याग राजस. 'ईश्वर पाहून घेईल' या शब्दांच्या आड बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक बसलेला असतो. ज्याने आयकराचे विवरण, विम्याचा हप्ता व मुलांच्या विद्यापीठाचे शुल्क ईश्वरावर सोपविलेले नाही, त्याने एवढे एकच कर्म ईश्वरावर सोपविले असेल, तर ते वैराग्य आहे की आळस, हे सांगावयास नको.

खरे वैराग्य कसे वागते, हे बृहदारण्यकोपनिषदात दिसते. याज्ञवल्क्य गृहस्थाश्रम सोडून निघाले, तेव्हा ते मुकाट्याने रात्री निघून गेले नाहीत. त्यांनी मैत्रेयीला हाक मारली आणि सांगितले की मी आता येथून जाणार, तेव्हा तुझी व कात्यायनीची व्यवस्था लावून देतो. मैत्रेयीच्या प्रश्नातून पुढे जो आत्मविद्येचा संवाद उदय पावला, तो जगप्रसिद्ध आहे. परंतु त्याचा आरंभ दोन पत्नींमधील वाटणीच्या एका सरळ वाक्याने झाला आहे, हे लक्षात घ्यावे. मैत्रेयीने संपत्तीपेक्षा अमृतत्व मागितले, ही तिची थोरवी. कात्यायनीने तसे मागितले नाही. तरीही तिच्या निर्वाहाची व्यवस्था लावल्यावाचून निघणे ब्रह्मवेत्त्याला योग्य वाटले नाही, ही त्याची थोरवी. आपल्या वैराग्याची किंमत दुसऱ्याने भरावी, असे त्याने होऊ दिले नाही.

त्याच उपनिषदात संप्रत्ती नावाचा एक विधी सांगितला आहे. आपण आता जाणार असे पित्यास वाटले की तो पुत्रास जवळ बोलावून आपले अध्ययन, आपला यज्ञ, आपला लोक त्याच्या स्वाधीन करतो व पुत्र त्याचा स्वीकार करतो. पित्याच्या हातून जे काही अपुरे किंवा चुकीचे राहिले असेल, त्यातून पुत्र त्यास सोडवितो, म्हणून त्याला पुत्र म्हणावे, असा त्या ठिकाणी अभिप्राय आहे. कौषीतकी उपनिषदात तर एक मार्मिक गोष्ट आणखी आहे. सर्व स्वाधीन केल्यावर पिता बरा झालाच, तर त्याने पुत्राच्या आधिपत्याखाली राहावे अथवा परिव्राजक व्हावे. दिलेले परत मागू नये. मृत्युपत्राचे सात्त्विक रूप कोणते, असे मला कोणी विचारले तर मी 'संप्रत्ती' हाच शब्द सांगेन. इच्छा लादणे वेगळे, भार सोपविणे वेगळे.

आपल्या प्राचीन धर्मशास्त्र-निबंधांत आजच्या अर्थाचे मृत्युपत्र आढळत नाही, हे खरे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनुसार वडिलार्जित संपत्तीत पुत्राचे स्वत्व जन्मतःच उत्पन्न होते. तेव्हा पित्याने मरणोत्तर देण्याजोगे फारसे उरतच नसे. जीमूतवाहनाच्या दायभागात मात्र पित्याचे स्वत्व त्याच्या जीवितापर्यंत पूर्ण मानले आहे. परंतु दिलेल्या शब्दाचे बंधन मरणानेही तुटत नाही, ही कल्पना शास्त्रकारांना परिचित होती. धर्मासाठी जे देण्याचे पित्याने, निरोगी असता अथवा आजारात, बोलून दाखविले आणि न देताच तो निवर्तला, ते पुत्राकडून देवविले पाहिजे, असा कात्यायन स्मृतिकाराचा अभिप्राय आहे. पुढे १९२५ चा भारतीय वारसा कायदा व १९५६ चा हिंदू वारसा कायदा आले. दुसऱ्या कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीसही जन्मतः सहदायिकत्व मिळाले. एकत्र कुटुंबातील आपला अविभक्त हिस्साही आज मृत्युपत्राने देता येतो. काळानुसार साधन बदलले. ऋण फेडून जाण्याचे तत्त्व बदललेले नाही.

परदेशस्थाला हे साधन वापरताना सतराव्या अध्यायातील सात्त्विक दानाची कसोटी फार उपयोगी पडते. दान देश, काल व पात्र पाहून द्यावे, असे तेथे सांगितले आहे. हे तिन्ही शब्द येथे अक्षरशः लागू पडतात.

प्रथम देश. स्थावर मालमत्तेला सामान्यतः ती जेथे आहे तेथील कायदा लागू होतो, आणि जंगम मालमत्तेला मनुष्य जेथे कायमचा स्थायिक झाला तेथील. त्यामुळे एकाच मनुष्याच्या पश्चात दोन कायदे एकाच वेळी बोलू लागतात, आणि ते एकच गोष्ट बोलतील असे नाही. आपल्या १९५६ च्या कायद्याने मृत पुरुषाची आई ही त्याची पत्नी, मुलगा व मुलगी यांच्या बरोबरीची वारस आहे. इंग्लंडच्या कायद्यात पत्नी व मुले असता, मृत्युपत्र नसेल तर आईला काहीच मिळत नाही. संयुक्त अरब अमिरातीत मुस्लिमेतरांसाठी १ फेब्रुवारी २०२३ पासून जो कायदा लागू झाला, त्यातील सर्वसाधारण नियमाप्रमाणे मृत्युपत्राअभावी अर्धी संपत्ती पती वा पत्नीस व अर्धी मुलांस समान मिळते. मुले असता आई तेथेही बाहेरच राहते. ज्या मातेने दागिने मोडून मुलास विमानात बसविले, तिला त्याच्या परदेशातील ठेवीतून औषधापुरतेही मिळू नये, अशी त्या मुलाची इच्छा खचित नव्हती. परंतु ती इच्छा त्याने कोठे लिहिली नव्हती. गोमंतकीयांची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमानुसार मुले असता अर्धी संपत्ती त्यांच्यासाठी राखीव असते. केवळ उरलेल्या अर्ध्याचीच व्यवस्था मृत्युपत्राने लावता येते.

मृत्युपत्राच्या विधीतही देशपरत्वे भेद आहेत. आपल्याकडे ते लेखी असावे, करणाऱ्याची सही असावी, व किमान दोन साक्षीदारांनी साक्ष घातलेली असावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. इंग्लंडात मात्र सहीच्या वेळी दोन्ही साक्षीदार एकत्र हजर लागतात, आणि साक्षीदारास अथवा त्याच्या पती-पत्नीस दिलेली देणगी निष्फळ होते. तेथे विवाहाने पूर्वीचे मृत्युपत्र सामान्यतः रद्द होते. आपल्याकडे हिंदूंच्या बाबतीत तसे होत नाही. कराचेही तसेच. भारतातील १९५३ चा मृत्युकर १९८५ साली बंद झाला. इंग्लंडात ठरावीक मर्यादेपलीकडील संपत्तीवर ४० टक्के कर आहे. म्हणून दोन देशांत मालमत्ता असणाऱ्याने दोन्हीकडच्या जाणत्यांचा सल्ला घ्यावा, हेच श्रेयस्कर.

या देशभेदातून काय अनर्थ होतो, ते मी भाषांतराच्या व्यवसायात स्वतः पाहिले आहे. कोकणातून इंग्लंडात गेलेल्या एका गृहस्थांनी स्वकष्टार्जित पैशाने गावी घर बांधले होते. त्यांची विधवा थोरली बहीण त्यात राहत असे. त्यांनी मराठीत मृत्युपत्र केले, की ताईने हयातीपर्यंत या घरात राहावे व तिच्या पश्चात घर मुलास जावे. पुढे काही वर्षांनी त्यांनी इंग्लंडातील घरासाठी तेथील वकिलाकडून दुसरे मृत्युपत्र केले. अशा लेखांच्या आरंभी एक ठरीव वाक्य असते, की याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे. त्या वाक्याखाली त्यांनी सही केली. बहिणीस बेघर करीत आहोत, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. पत्नी आधीच निवर्तली होती. दुसऱ्या लेखाप्रमाणे सर्व काही मुलाचे झाले. 'हे मृत्युपत्र केवळ अमुक देशातील मालमत्तेपुरते आहे', एवढे एक वाक्य असते तर पहिले मृत्युपत्र वाचले असते.

मुलगा तिकडेच जन्मलेला, मराठी बोलणारा पण वाचता न येणारा. घर विकावयाचे ठरले, तेव्हा तो जुना कागद भाषांतरासाठी माझ्याकडे आला. काही दिवसांनी त्याने फोन केला. म्हणाला, "शास्त्रीबुवा, हा कागद आता रद्द आहे, असे मला सांगितले आहे. आत्याचा हक्क राहिलेला नाही. तरी बाबांनी तिच्याविषयी नेमके काय लिहिले होते, ते मला मराठीतूनच वाचून दाखवाल का?" मी वाचून दाखविले. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "यात माझे कर्तव्य काय?"

कायद्याचे उत्तर त्याच्याजवळ होतेच. मी त्यास कात्यायनाचा अभिप्राय सांगितला व उपनिषदातील पुत्र शब्दाचा अर्थ सांगितला. पित्याच्या हातून जे चुकले, ते पुत्राने सावरावे, इतकेच. त्याने घराची विक्री थांबविली आणि आत्याला हयातभर राहण्याचा हक्क रीतसर नोंदणी करून लिहून दिला. बापाच्या सहीने जे मोडले होते, ते मुलाच्या सहीने पुन्हा उभे राहिले. परंतु प्रत्येक घरी असा मुलगा असेलच, असे धरून चालणे म्हणजे आपले कर्तव्य दुसऱ्याच्या चांगुलपणावर सोपविणे होय. म्हणून मृत्युपत्र करणाऱ्याने आपला लेख चोख करावा. आणि वारसाने लेख निष्फळ ठरला तरी त्यामागील शब्दाचा मान राखावा. दोघांचा धर्म वेगळा, पण एकमेकांस पुरा करणारा.

दुसरा काल. मृत्युपत्र बुद्धी स्थिर असता करावे. शेवटच्या शय्येवर, नातलगांच्या गराड्यात नव्हे. अंतकाळी ज्याचे स्मरण होते, त्या भावाला जीव जातो, असे आठव्या अध्यायात सांगितले आहे. त्या क्षणी मुखात भगवंताचे नाव असावे की घराच्या चाव्यांचा हिशेब, हे आधीच्या वर्षांत आपण काय उरकून ठेवले, यावर पुष्कळ अवलंबून आहे. या दृष्टीने वेळेवर केलेले मृत्युपत्र हे नामस्मरणाच्या साधनेला साहाय्यच करते. मृत्युपत्राची नोंदणी भारतात सक्तीची नाही, तथापि करून ठेवणे हिताचे. आणि विवाह, जन्म, मृत्यू, नागरिकत्वाचा बदल, असे काही घडले की ते पुन्हा वाचावे. गावच्या सातबाऱ्यावर अद्याप आजोबांचेच नाव असेल, तर तो फेरफार आपण हयात असताना व ओळखीची माणसे हयात असताना करून घ्यावा.

तिसरे पात्र. कोणास काय द्यावे, हे केवळ प्रेमाच्या मापाने ठरवू नये. कोणास कशाचा उपयोग होईल, हेही पाहावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलास भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. परंतु जो ती कधीच कसणार नाही, त्याच्या नावे ती पडीक ठेवावी की कसणाऱ्या पुतण्यास द्यावी, याचा विचार धर्मबुद्धीने व्हावा. मुलीचा वाटा 'तिला लग्नात दिले' या सबबीखाली गाळू नये. ज्याने म्हातारपणी आपल्या आई-वडिलांना सांभाळले, त्या भावाचे ऋण वाटणीत दिसावे. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बँकेत वा समभागांवर एखाद्याचे नामनिर्देशन केले म्हणजे तो मालक झाला, असे पुष्कळांस वाटते. नामनिर्देशित व्यक्ती ही सामान्यतः वारसांसाठी ठेव स्वीकारणारी विश्वस्त होय, आणि समभागांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तसाच निर्णय दिला आहे. विम्याच्या बाबतीत मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी व मुले यांस लाभाचा हक्क मिळतो. एका हाताने नामनिर्देशन व दुसऱ्या हाताने वेगळे मृत्युपत्र, अशी विसंगती ठेवून भावंडांत संशय पेरू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जीर्ण वस्त्र टाकणारा मनुष्य ते रस्त्यावर कोठेही फेकीत नाही. घडी करून, ज्याच्या उपयोगी पडेल त्याच्या हाती देतो. वस्त्राविषयी त्याला आसक्ती असते म्हणून नव्हे, तर ज्याला थंडी वाजत आहे तो त्याला दिसतो म्हणून. अनभिष्वंग याचा अर्थ पुत्र-पत्नी-गृह यांना स्वतःचाच विस्तार न मानणे असा आहे. त्यांच्याविषयीची जबाबदारी झटकणे असा नाही. मृत्युपत्र लिहिताना मनुष्याला आपल्या प्रत्येक वस्तूपुढे 'ही माझी नाही' असे एकदा लिहावेच लागते. हे घर तिचे, ही ठेव त्याची, हा ग्रंथसंग्रह त्या पाठशाळेचा. यादी संपते तेव्हा कागदावर स्वतःचे म्हणून केवळ एक नाव उरते, आणि तेही सहीपुरते. ज्याने हे भक्तीने केले, त्याला ममता सोडण्याचा याहून सरळ अभ्यास दुसरा क्वचितच मिळेल.

परदेशस्थ बांधवांना इतकीच विनंती आहे. पुढल्या एकादशीस सकाळी गीतेचा अठरावा अध्याय वाचावा, आणि त्याच आसनावर बसून एका कोऱ्या कागदावर प्रथम आपण कोणाचे काय देणे लागतो ते लिहावे, मग आपल्याजवळ काय आहे ते लिहावे. वकिलाकडे जाण्याचे काम त्यानंतरचे. धृतराष्ट्राला जो शब्द उच्चारता आला नाही, तो उच्चारण्याची संधी भगवंतांनी आपणांस अद्याप दिलेली आहे.